पंखा कुठे आहे?

*ताई, मी ४१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टमध्ये. दोन वर्षांपूर्वी रोडबाइक घेतली. रविवारी पहाटे निघून मुरबाडपर्यंत जाऊन येते. चार तास सायकल चालवून घरी आले तरी पोळ्या लाटायला उभी राहू शकते. डिसेंबरमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची इच्छा आहे. पावसात सराव तुटू नये म्हणून जूनमध्ये ओळखीतून एक जुना ट्रेनर घेतला, घरातच सायकल अडकवून एका जागी चालवायचं स्टँड. मागच्या चाकाला रोलर टेकतो तो, मॅग्नेटिक. हॉलमध्ये लावलाय, पण पस्तीस मिनिटांत जीव जातो. हार्ट रेट रस्त्यापेक्षा पंधरा-वीसने जास्त दिसतो. तळहातांना मुंग्या येतात. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. नवरा म्हणतो, दिवाळीच्या बोनसमधून स्मार्ट ट्रेनर घेऊन टाक. मला मात्र वेगळीच शंका येते. रस्त्यावर जे जमतं ते उतार आणि वाऱ्याच्या जोरावर, माझ्यात तेवढी ताकद नाहीच, असं तर नसेल ना? सोबत फोटो जोडलाय. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.*

अगं, पत्र एकदा वाचलं, फोटो मात्र चार वेळा पाहिला. टीव्हीसमोर सायकल, पुढचं चाक थेट फरशीवर, खिडकी बंद, पडदा ओढलेला. छताचा पंखा आहे, पण तो सोफ्याच्या डोक्यावर. तुझ्या पत्रात हार्ट रेट आहे, काकू आहेत, नवरा आहे, बोनस आहे. पंखा एकदाही नाही.

तुझ्या ताकदीवर संशय घेण्याआधी जरा हिशेब बघ. आपण पायडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली पाचवा ते चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचते, उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातून बाहेर पडायला बघते. तू १२० वॅटने पायडल मारत असशील तर चारशेच्या आसपास वॅटची उष्णता तयार होते. जुन्या काळचे शंभर वॅटचे चार पिवळे बल्ब पोटात पेटवून बसल्यासारखं. रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जाताना ताशी वीसचा वारा आपोआप अंगावर येतो, घाम वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. डोंबिवलीत जुलै महिन्यात, बंद खिडकीच्या हॉलमध्ये, घाम वाळणार कसा? जिथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथे तुझी पाठ कशी वाळेल? घाम नुसता टपटप खाली गळतो, आणि गळलेला घाम अंग थंड करत नाही. मग हृदयाला दोन कामं करावी लागतात, पायांना रक्त पुरवायचं आणि अंग थंड करायला कातडीकडेही पाठवायचं. त्यात घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचं प्रमाणही थोडं कमी झालेलं. तुझे ते पंधरा-वीस ठोके इथून आले.

तेव्हा आधी पंखा. छताचा नाही, स्टँडचा, मोठ्या पात्यांचा, फुल स्पीडवर, समोरून छाती-तोंडावर येईल असा. शक्य असेल तर दुसरा एक मागून पाठीवर. आणि खिडकी उघड. पडदा का ओढला असशील ते मला माहीत आहे. समोरची बिल्डिंग हाताच्या अंतरावर, आणि तंग शॉर्ट्समध्ये आपण पहाटे साडेपाचला घामाघूम. मीही पहिले दोन महिने पडदा लावूनच चालवली. मग खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुन्या ओढणीचा पडदा शिवला आणि वरचा भाग मोकळा ठेवला. वारा येतो, शेजारी दिसत नाहीत.

एक प्रयोग सांगते, खर्च शून्य. ट्रेनरवर बसायच्या आधी वजन कर, उतरल्यावर अंग पुसून पुन्हा कर. मधे जेवढं पाणी प्यायलीस तेवढं त्यात धर. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला. आधी पंख्याशिवाय करून बघ, मग पंख्यासह. हार्ट रेटचे आकडेही दोन्ही दिवशी लिहून ठेव.

आता उतार आणि वाऱ्याची शंका. तीही थोडी खरी आहे, पण तुला वाटते त्या अर्थाने नाही. रस्त्यावर चार तासांत आपण किती वेळ पाय थांबवतो ते लक्षात येत नाही. सिग्नल, उतार, खड्डा दिसला म्हणून, गाय आडवी आली म्हणून, चहाची टपरी जवळ आली म्हणून. ट्रेनरवर पाय थांबला की जेमतेम काही सेकंदांत चाकही थांबतं. म्हणजे ती पस्तीस मिनिटं सलग कामाची आहेत. शिवाय रस्त्यावर सायकल डावी-उजवी हलते, आपण सीटवर नकळत सरकतो, चढावर उभे राहतो. ट्रेनरवर सायकल घट्ट बांधलेली, सगळा भार बुडाच्या त्याच दोन हाडांवर. म्हणून दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून अर्धा मिनिट उभी राहून चालव. गजर लाव, नाहीतर विसरशील. आणि ट्रेनरवरचा एक तास म्हणजे रस्त्यावरचा दीड की दोन, यावर ग्रुपमध्ये वाद घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष कर. दोन्ही वेगळी कामं आहेत.

तळहातांच्या मुंग्या फोटोतच दिसल्या. ट्रेनरमध्ये अडकवल्यावर मागचं चाक जमिनीपासून थोडं उचललं जातं. पुढचं चाक तू फरशीवरच ठेवलंयस. त्यामुळे अख्खी सायकल किंचित उतारावर उभी आहे आणि तुझा भार पुढे हातांवर येतोय. पुढच्या चाकाखाली ठेवायचा प्लास्टिकचा ठोकळा मिळतो. तो येईपर्यंत जुने जाडजूड दिवाळी अंक चालतील, मी दोन वर्षं तेच वापरले. दोन्ही चाकांचे मधले आस एका पातळीत आले की झालं. एवढं करूनही मुंग्या राहिल्या तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघ. झुकलेल्या सीटवरून माणूस पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो.

शॉर्ट्सबद्दल तू विचारलं नाहीस, पण दुकानात हे कोणी बाईमाणसाला सांगत नाही म्हणून सांगते. पॅडवाल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नसतं. शिवण घासली की पुरळ येतं, आणि पुरळ आलं की सीटला दोष देत आपण नवी सीट घ्यायला निघतो. शॉर्ट्स एकदा वापरली की धुवायची. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून तीन जोड हवेत. माझं मत विचारशील तर, स्मार्ट ट्रेनरच्या आधी हे तीन जोड.

काकूंचं बोलू. मॅग्नेटिक ट्रेनरचे आवाज दोन. एक टायर-रोलरची घरघर, ती हवेतून जाते. दुसरी थरथर, ती स्लॅबमधून थेट त्यांच्या छतात उतरते आणि त्यांच्या पंख्याच्या हुकापर्यंत पोचते. तुला पहिलीच ऐकू येते, काकूंना दुसरी छळते. म्हणून तुला वाटतं, 'एवढं काय आहे?' एकदा नवऱ्याला सायकलवर बसव आणि तू खाली जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये उभी राहा. ऐकल्याशिवाय यावर बोलू नये.

उपाय असे. खाली व्यायामशाळेत असते तशी जाड रबरी मॅट टाक, योगाची पातळ चटई नव्हे. खोलीच्या मधोमध स्लॅब सगळ्यात जास्त हलते, म्हणून सायकल भिंतीलगत, बीम असेल त्या बाजूला घे. आणि चाक हळू फिरव. घरघर चाकाच्या वेगाबरोबर वाढते, त्यामुळे ट्रेनरचा लिव्हर वरच्या आकड्यावर ठेवायचा आणि सायकल पुढच्या लहान चकतीवर. पायांना तेवढंच काम, चाक मात्र सावकाश. एवढं झाल्यावर काकूंना आठवड्याचे वार आणि वेळ सांगून टाक. कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे माहीत असलं की आवाज निम्मा होतो, हा माझा तीन बिल्डिंगमधला अनुभव.

फरशीवर काळी पूड पडत असेल तर ती टायरची आहे. रस्त्याचा चांगला टायर रोलरवर झिजवू नकोस, जुना गुळगुळीत टायर मागे चढव किंवा ट्रेनरसाठीचा वेगळा मिळतो तो घे. मात्र ट्रेनरचा टायर लावून चुकूनही रस्त्यावर जाऊ नकोस, त्याचं रबर कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड मिळत नाही. हवा दर वेळी तेवढीच भर, आणि रोलर टायरला टेकल्यावर स्क्रू मोजून तेवढेच फेरे आवळ. नाहीतर मंगळवारी हलकं आणि गुरुवारी जड लागेल आणि तुला वाटेल, तब्येतच बिघडली.

आणि घाम! हँडल आणि स्टेमवर (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) टॉवेल पसरून बस. नॅपकिन लटकवून भागत नाही. उतरल्यावर ओल्या फडक्याने सायकल पूस, मग कोरड्याने. मी हे केलं नाही. एका पावसाळ्यात माझ्या स्टेमचे बोल्ट घामाच्या मिठाने इतके गंजले की अॅलन की फिरेना, तिचं घर गोल झालं आणि शेवटी मेकॅनिकने ड्रिल मारून बोल्ट काढला. त्याने विचारलं, "समुद्रावर चालवता का?" मी म्हटलं, हॉलमध्ये.

स्मार्ट ट्रेनर या वर्षी नको. वस्तू चांगली आहे, मी वापरते. मागचं चाक काढून साखळी थेट त्यावर चढवायची, आवाज कमी, वॅट मोजतं, झ्विफ्ट नावाच्या अॅपवर समोर चढ आला की पायांना चढ लागतो. फ्रान्सच्या आल्प द्वेजची ती २१ वळणं घरबसल्या चढता येतात, आणि पहिल्या चार वेळा मजाही येते. पण त्याला तुझ्या सायकलच्या गिअरांशी जुळणारी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते, अॅपचे पैसे दर महिन्याला जातात, बहुतेकांना वीज लागते आणि आपल्याकडे पावसात वीज कधी जाते ते तुला ठाऊक आहे. वजनही असं, की रोज कपाटामागे सरकवणं जमत नाही. वन बीएचकेत त्याला कायमची जागा द्यावी लागते, घरातल्या एका माणसाइतकी. मुख्य म्हणजे बंद खिडकीच्या हॉलमध्ये त्याच्यावरही तू पस्तीस मिनिटांतच उतरशील. छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा आणि क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, लावायचा केडन्स सेन्सर (मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात ते मोजणारा), एवढं पुरे. घाम आणि हँडल पकडताना वाकलेलं मनगट यामुळे घड्याळाचा आकडा कधी कधी चुकतो, पट्टा तेवढा चुकत नाही. पुढच्या जूनमध्येही तू ट्रेनरवर बसत असलीस तर मग बोनस आणि नवरा, दोघांचं ऐक.

ट्रेनरवर करायचं काय? तुला गाडी पकडायची असते, म्हणून मंगळवार आणि गुरुवार, पन्नास मिनिटं, जास्त नाही. मंगळवारी साधं चालव. फोनवर आईशी अख्खी वाक्यं बोलता येतील एवढ्या जोरात, केडन्स ८५च्या आसपास. गुरुवारी दहा मिनिटं अंग गरम कर, मग बारा मिनिटं अशा जोरात की अर्धंच वाक्य बोलता येईल, पाच मिनिटं हलकं, पुन्हा बारा मिनिटं, आणि मग सावकाश थांबव. तीन आठवड्यांनी बाराची पंधरा कर. वीस मिनिटं जीव तोडून चालवायची ती एफटीपी टेस्ट (साधारण तासभर टिकेल एवढा जोर किती वॅटचा, ते काढणारी) सध्या नको. मॅग्नेटिक ट्रेनरवर त्या आकड्याला अर्थ नाही. चाळिशी ओलांडलीस, तेव्हा गुरुवारचं सुरू करण्याआधी बीपी आणि एक ईसीजी करून घे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे पत्र लिहायचं नाही.

रविवार रस्त्यासाठीच ठेव, पाऊस असला तरी. धो-धो असेल तर सोड, रिमझिम असेल तर नीघ. कारण बीआरएमला जे लागतं त्यातलं बरंचसं ट्रेनर शिकवत नाही.

२०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबे, चहा, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरालाही जरा कमी पडतं. मुरबाडचं जाऊन-येऊन तू ज्या चालीने करतेस ती यापेक्षा जास्तच आहे. समजा ताशी वीसने चालवलीस, तर दहा तास सायकलवर आणि साडेतीन तास हातात. पहिल्या २००मध्ये पाय संपून हरलेले लोक मी फार पाहिले नाहीत. पोट बिघडून, बूड दुखून, दुपारच्या उन्हात, किंवा मिसळीच्या टेबलावर पाऊण तास घालवून हरलेले भरपूर. मी स्वतः माझ्या पहिल्या २००मध्ये भूक लागेपर्यंत खाल्लंच नाही. भूक लागली तोवर उशीर झाला होता. शेवटचे चाळीस किलोमीटर रडत गेले आणि वेळ संपायला अकरा मिनिटं उरली असताना कार्डावर शिक्का पडला.

म्हणून खाण्याचा सराव आत्तापासून कर. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. माझ्या खिशात तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी असते, तिचे दोन-दोन घासांचे तुकडे फॉइलमध्ये. खजूर बिया काढून ठेवायचे. शेंगदाण्याची चिक्की लोक नेतात, मला ती उन्हात जड जाते, तू तुझं बघ. भूक लागो न लागो, दर अर्ध्या तासाला काहीतरी. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. ओआरएस घेणार असशील तर मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अख्खं साडेसातशेच्या बाटलीत ओतू नकोस. पोट ढवळतं. आणि सकाळी उपाशी निघू नकोस.

पावसात रस्त्यावर जाशील तेव्हा साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नकोस, त्याखाली काय आहे ते डोंबिवली-कल्याणकरांना मी काय सांगू. रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि रेल्वे फाटकातले रूळ ओले असताना साबणासारखे होतात. रूळ काटकोनात ओलांड, त्यावर ब्रेक नको, वळण नको. तुझ्या सायकलला रिम ब्रेक असावेत असं फोटोवरून दिसतं. ओल्या रिमवर पहिला क्षण ब्रेक लागतच नाही, म्हणून उतारावर अधूनमधून हलका दाबून रिम पुसून घे. घरी आल्यावर ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे आणि चमकी पिनने काढ. नाहीतर ते रिम खरवडत राहतात. साखळी कोरड्या फडक्याने पुसून मगच तेल, आणि तेल लावून पाच मिनिटांनी वरचं जास्तीचं पुन्हा पूस. माळशेजला जुलै-ऑगस्टच्या रविवारी जाऊ नकोस. धबधबा बघायला आलेल्या गाड्या, धुकं आणि दरडी, तिन्ही एकाच वेळी. तो घाट ऑक्टोबर संपल्यावर कर, तोवर रस्ताही वाळलेला असतो.

पंक्चर. मागच्या चाकाचं, घरी, घड्याळ लावून, किमान तीनदा काढून बघ. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव, पण हळू. हायवेवर ट्रकचे टायर फुटून त्यातल्या केसाएवढ्या तारा पसरलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत. तार आत राहिली तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. बीआरएममध्ये कंट्रोल, म्हणजे कार्डावर नोंद करायचे ठरलेले थांबे, सोडून वाटेत कुठेही नवऱ्याला गाडी घेऊन बोलावता येत नाही, नियमच आहे तसा. स्वतःचं स्वतः.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की रविवारची लांबी वाढव. दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी एक मोठी, ८०, मग ११०, मग १४०. मधले रविवार नेहमीचे मुरबाड. १४० निवांत झाली तर २०० होते, उरलेले साठ खाण्यावर आणि हट्टावर जातात. यातली एक फेरी मुद्दाम अशी ठेव की निदान तासभर अंधारात चालवावी लागेल, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट घालून. ऑक्टोबरच्या दुपारचं ऊनही एकदा अंगावर घे. डिसेंबरची थंडी पहाटेपुरती असते, कोकणपट्टीत दुपारी बाराला ती कुठे जाते कोण जाणे.

नवऱ्याला म्हणावं, बोनसमधून आधी स्टँडचा पंखा आण, मॅट आण. उरलेल्या पैशात त्यालाच एक सायकल येईल. काकूंकडे मात्र तूच जा, मॅट टाकून झाल्यावर. आणि वजनाचे, हार्ट रेटचे दोन्ही दिवसांचे आकडे मला पाठव, पंख्याशिवायचे आणि पंख्यासह.